तीन बंदुका आणि एक उलटा खटका

मी एक जुनी फटफटी आहे. मित्रांनो, हे वाक्य मी मुद्दाम लहान ठेवलं आहे, कारण अलीकडे माझ्याविषयी बोलली जाणारी वाक्यं फार मोठी असतात. कोणी मला हेरिटेज म्हणतो, कोणी लेजंड. 'रानी है साहब, रानी' असंही म्हणून झालं आहे. माझा अनुभव असा की राणी म्हणणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला टाकीवर हात फिरवतो आणि तिसऱ्या मिनिटाला विचारतो, "कागज पूरे हैं ना?" राणीला कागद कोण विचारतं? म्हणून स्तुती कानावर आली की मी आधी त्या माणसाचे बूट बघते. बुटावर तेलाचा एकही डाग नसेल, तर त्याचं प्रेम फोटोपुरतं आहे असं समजते आणि सावध होते.

माझं खरं नाव बी. एस. ए. बी-३१. एक सिलिंडर, साडेतीनशे सीसी, जन्मगाव बर्मिंगहॅम, साल १९४८. देवासात मात्र मला सगळे बुलेट म्हणतात. सिग्नलला शेजारी थांबलेला प्रत्येक माणूस विचारतो, "कौन से साल की बुलेट है भिया?" मी आजवर कोणाची चूक दुरुस्त केलेली नाही. ज्यांचा भरवसा नाही, त्यांना आपलं खरं नाव माहीत नसलेलंच बरं.

माझ्या इंजिनाच्या झाकणावर तीन बंदुका कोरलेल्या आहेत, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. ज्यांनी मला घडवलं, त्यांचा मूळ धंदा बंदुकांचा. महायुद्ध संपलं, बंदुकांची मागणी कमी झाली, पण कारखान्याला काहीतरी दणका देणारं बनवण्याची सवय होती. त्या सवयीतून आम्ही झालो. त्या काळी विलायतेत चांगला माल स्वतः वापरायचा नाही, परदेशी पाठवायचा, असं धोरण होतं. म्हणून माझी हिरवी टाकी, निकेलच्या कडा, चाकं, सगळं सुटं करून एका लाकडी पेटीत भरलं आणि पेटी बोटीवर चढवली.

देवासच्या एका अंमलदाराने मला मागवलं होतं. ऑर्डर गेली तेव्हा देवास हे दोन संस्थानांचं एक गाव होतं. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. पेटी पोचली तेव्हा दोन्ही विलीन झालेली, आणि अंमलदारांकडे अंमल करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ते पुण्याला निघाले. जाताना मोटारखान्यातल्या फिटरला, जयसिंगरावांना, पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "उभी करता आली तर तुझी."

जयसिंगरावांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पुस्तकातली चित्रं बघून मला उभं केलं. सगळं बरोबर बसवलं, एक सोडून. माझ्या डाव्या मुठीजवळ एक लहानसा खटका आहे. माझ्या बहिणींमध्ये, गाडी सुरू करताना हा खटका आपल्याकडे ओढायचा. मग ठिणगी जरा उशिरा पडते आणि किक मुकाट्याने बसते. जयसिंगरावांनी तो उलटा बसवला. माझा खटका पुढे ढकलावा लागतो. न ढकलता किक मारली तर ती उलटी येते, आणि मारणाऱ्याची नडगी फुटते.

पहिली फुटलेली नडगी त्यांचीच. आठ दिवस लंगडले. नवव्या दिवशी चूक ध्यानात आली, तेव्हा ती दुरुस्त करायला पाना घेऊन बसले. बराच वेळ बसले. मग पाना खाली ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, "राहू दे. चोराला कळायचं नाही."

अशा रीतीने एक चूक या घराचं गुपित झाली.

त्या वर्षी खंडेनवमी आली. मराठ्यांच्या घरात त्या दिवशी शस्त्रं पुजतात, हे तुम्हाला माहीत असेल. जयसिंगरावांनी माझ्यावरच्या तीन बंदुका बघितल्या आणि मला गाडीच्या नव्हे, शस्त्राच्या रांगेत उभं केलं. एका बाजूला आजोबांची तलवार, दुसऱ्या बाजूला पाने-पकडी, मधे मी. पूजेच्या आधी तलवार एकदा म्यानाबाहेर काढायची असते. त्या न्यायाने त्यांनी नियम केला, की आरतीच्या आधी हिने एकदा बोललं पाहिजे. त्या दिवसापासून मी एकही खंडेनवमी मुकी राहिले नाही.

पुढे त्यांनी खटक्याची विद्या मुलाला दिली. मुंजीत मंत्र सांगतात तशी, कानात. वर एक वाक्यही दिलं: "दोघांना कळलं की बाजाराला कळलं." तो मुलगा म्हणजे यशवंतराव. माझ्याच वयाचे. गल्ली त्यांना बापू म्हणते, आणि नातवंडंही बापूच म्हणतात.

बापू पंप दुरुस्त करायचे. माझ्या मागच्या पेटीत पाने घेऊन आम्ही सोनकच्छला जायचो, सतवासला जायचो, कुठे मोटर जळली, कुठे विहिरीत सोडलेल्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह अडकला. नर्मदेकाठी निसरपुरात धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा सहा दिवस आम्ही तिथे विहिरींतून पंप बाहेर काढत होतो. ज्या रस्त्याने गेलो तो परतताना ओला होता. त्या वाटेवर मी जपून आवाज केला.

१९७३ साली आम्ही धारला गेलो आणि सीताबाईंना घेऊन आलो. लग्न धारेत लागलं, वरात माझ्यावर निघाली. या घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. देवास येईपर्यंत अक्कांनी माझ्याविषयी एकच मत दिलं: "शालूला तेल लागलं."

त्यानंतर एक्केचाळीस वर्षं त्या मागे बसल्या, आणि त्यांचं मत बदललं नाही. बाजार, दवाखाना, टेकरीवरची माता, माहेर, जिथून तिथून उतरल्या की पदर तपासायच्या आणि मला शिवी द्यायच्या. 'मेली गळकी' ही त्यांतली सर्वांत मवाळ. माझ्याखाली अंगणात डाग पडतो म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याचं फडकं अंथरायला सुरुवात केली. मी त्याचा अर्थ लावला होता: ही बाई मला घरातली मानत नाही.

मित्रांनो, मग आमच्यासारख्यांना वाईट दिवस आले. बटणावर चालू होणाऱ्या गाड्या आल्या. बापूंचा मुलगा नीलकंठ भोपाळला नोकरीला लागला आणि स्कूटीवर सुखी झाला. त्याने खटक्याचं विचारलं नाही, म्हणून बापूंनी सांगितलं नाही. मी अंगणात पत्र्याखाली उभी राहिले. वर्षातून एकदा बोलायचे, बाकी दिवस फडक्यावर थेंब टाकायचे. नंतर केव्हातरी, का कोण जाणे, आम्ही पुन्हा फॅशनमध्ये आलो. चाळीस डिग्रीत कातडी जाकीट घालून इंदूरहून लोक येऊ लागले. म्हणायचे, आजकालच्या गाडीत जीव नाही, हिचा एकेक ठोका मोजता येतो. ते खरंच आहे. पण मला वाटायचं, जे मोजता येतं तेच उचलून नेलं जातं.

त्यांच्यातला एक रणवीर. इंदूर बायपासवर त्याचं हॉटेल आहे. बापूंचा नातू पीयूष इंदूरला कामाला असतो. त्याने माझा फोटो मोबाईलवर टाकला, तो रणवीरने बघितला, आणि यंदा गणपतीत पीयूष त्याला घरी घेऊन आला. बूट कोरे करकरीत. गियर डावीकडे शोधत होता. माझा गियर उजवीकडे असतो, ब्रेक डावीकडे. मी तेव्हाच ओळखलं.

"दादा, इसकी जगह पतरे के नीचे नहीं है," तो बापूंना म्हणाला. त्याच्या हॉटेलात आत शिरल्या शिरल्या काचेची मोठी खोली आहे. तिथे दिव्याखाली मला ठेवणार होता. संगमरवरावर डाग नको म्हणून इंजिनातलं तेल तेवढं काढून घेणार, हे त्याने सहज सांगितलं. कोणी सहज म्हणतं ना, की शोकेसमध्ये पोपट ठेवू, फक्त आतून पेंढा भरू, तसं.

बापूंनी नको म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण गणपतीचा दिवस, चार माणसं बसलेली, वर ओट्याच्या भिंतीवर जयसिंगरावांचा फोटो. बापूंना जोर चढला. म्हणाले, ही माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, वाटलं तर करून बघ. रणवीरने एक किक मारली आणि नडगी धरून खाली बसला. सगळे हसले. त्या हसण्याने बापू पार वर गेले.

"ज्या खंडेनवमीला आरतीच्या आधी ही बोलणार नाही," ते फोटोकडे हात करून म्हणाले, "त्या दिवशी खुशाल घेऊन जा."

"जबान, दादा?"

"जबान."

सातव्या दिवशी विसर्जनाहून परतताना आमच्याच ओट्याच्या पायरीवर बापूंचा पाय घसरला. उजवा गुडघा. डॉक्टरांनी दीड महिना प्लास्टर सांगितलं. खंडेनवमीला चार आठवडे होते.

तेव्हापासून बापूंची खाट अंगणात, माझ्या समोर. आम्ही दोघं सगळ्यांवर लक्ष ठेवायचो. गल्लीतला कोणी म्हणाला, मी मारून देतो किक, की बापू विचारायचे, रणवीरला कधी भेटलास? एकाने माझ्यावर पाणी मारून मला पुसलं, तर बापूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो फडकं टाकून गेला. पण खरा संशय पीयूषवर. त्यानेच रणवीरला आणलं होतं. आता दर रविवारी इंदूरहून यायचा, माझ्या उजव्या बाजूला उकिडवा बसायचा, मोबाईलवर कसलेसे व्हिडिओ बघायचा. जुने व्हिडिओ, बापू किक मारतानाचे. एका रविवारी टेप काढून जमिनीपासून माझ्या किकपर्यंत माप घेतलं आणि लिहून ठेवलं. मी समजले. टेम्पोत चढवायची तयारी.

मग तो किक मारायचा. माझ्या बहिणींविषयीच्या व्हिडिओत सांगतात तसा खटका आपल्याकडे ओढून. आणि किक उलटी यायची.

बापू खाटेवरून बघायचे. त्यांना दिसत होतं, खटका चुकीच्या बाजूला आहे. एक शब्द पुरला असता. ते गप्प राहायचे. आणि मी? मी यंत्र आहे, मित्रांनो. खटका जिथे असेल त्याप्रमाणे वागते. तरीही सांगते, त्या पोराला फेकताना मला थोडं बरं वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी बापूंनी त्याला विचारलंच, "रणवीर तुला काय देणार आहे?"

पीयूष हिंदी शाळेत शिकलेला. मराठी बोलतो, पण रागावला की हिंदीत शिरतो. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगी घोट्यापासून निळी, मधे दोन ठिकाणी पट्टी.

"ये दिया है," तो म्हणाला. "आणि हे तर तुमच्या फटफटीने दिलं बापू, रणवीरने नाही. मी त्याला आणलं कारण मला दाखवायचं होतं, हमारे घर में क्या है. मला काय माहीत, तुम्ही जबान देऊन बसाल."

बापूंनी तोंड भिंतीकडे केलं. माझाही विश्वास बसला नाही. जखम दाखवणं ही विक्रीची जुनी पद्धत आहे.

खंडेनवमी उजाडली. मला धुतलं, दिव्याला झेंडूची माळ घातली, शेजारी तलवार, पाने-पकडी. बापूंना खुर्चीवर आणून बसवलं, पाय पुढे स्टुलावर. गल्लीच्या तोंडाशी एक छोटा हाथी येऊन उभा राहिला. म्हणजे तो लहान टेम्पो, आमच्याकडे त्याला हेच नाव आहे. मागे गादी अंथरलेली. रणवीर हात जोडून आत आला, पूजेला नारळ घेऊन. वागायला वाईट नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

पीयूषने एक जाड लाकडी पाट आणला आणि माझ्या उजव्या बाजूला ठेवला. उंची कमी पडते, पाटावर उभं राहून जोर जास्त बसेल, असा त्याचा हिशेब. तेवढ्यासाठी ते माप होतं. टेम्पोसाठी नव्हतं. एक संशय माझा तिथेच गळून पडला, पण बाकीचे जागेवर होते.

पहिली किक उलटी आली. दुसरी उलटी आली. तिसऱ्या वेळी तो पाटावरून मागे पडला आणि तलवारीच्या मुठीवर त्याचं कोपर आपटलं. उठून परत उभा राहिला. घाम पुसला. "बापू," तो म्हणाला, "एकदा सांगा ना. मी नाही सांगणार कोणाला."

बापूंचे डोळे माझ्या खटक्यावर होते. त्यांच्या ओठांवर शब्द आला, मी बघितला. मग त्यांनी समोर बसलेल्या रणवीरकडे बघितलं, दारात जमलेल्या गल्लीकडे, भिंतीवरच्या वडिलांकडे, आणि शब्द गिळला. दोघांना कळलं की बाजाराला कळलं. मला तेव्हा समजलं, की हा माणूस मला जाऊ देईल, पण गुपित जाऊ देणार नाही. पंचाहत्तर वर्षं ज्या खटक्याने मला चोरांपासून वाचवलं, तोच आता मला टेम्पोत चढवणार होता.

रणवीरने हळूच घड्याळ बघितलं. भटजी म्हणाले, आरती घ्यायची का?

अक्का आरतीचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. माझ्या डाव्या बाजूने. ताट त्यांनी माझ्या सीटवर ठेवलं, जिथे एरवी कोणाला पिशवीही ठेवू देत नाहीत बापू. अंगठ्याला कुंकू होतं. त्या अंगठ्याने त्यांनी खटका पुढे ढकलला, शेवटपर्यंत, आणि ताट उचललं.

"मार आता," त्या पीयूषला म्हणाल्या. "अर्धी नको मारूस, पूर्ण मार."

त्याने पूर्ण मारली.

मित्रांनो, त्या क्षणाचं वर्णन मी करत नाही, आपल्याच आवाजाची स्तुती आपण करू नये. एवढं सांगते, की पत्रा थरथरला, ताटातली निरांजनं हलली, पारव्यांनी छप्पर सोडलं, आणि दारातला कोणीतरी म्हणाला, "वाह, बुलेट."

मी मंद ठोक्यावर आले तेव्हा बापू बायकोकडे बघत होते. चेहरा असा की ओट्याची पायरी पुन्हा एकदा घसरली आहे.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला हवं?" अक्का म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं मागे बसले. तुमच्या खांद्यावरून दुसरं दिसतं काय? तुमचा डावा अंगठाच दिसतो."

"मग बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाही. आणि तुम्हाला वाटत होतं ना, मोठं गुपित आहे. म्हटलं, असू दे."

आरती झाली. माझ्या ठोक्यावरच झाली, पीयूषने मला बंद केलंच नाही. सगळ्यांनी आजवर माझी उजवी बाजू बघितली होती, कारण किक उजवीकडे असते. मोबाईलवाल्यांनी उजवीकडून व्हिडिओ काढले, बापूंनी उजवीकडून येणाऱ्यांवर पहारा केला, आणि मीही उजवीकडेच बूट तपासत राहिले. मागे बसलेल्या बाईचा मला कधी संशयच आला नाही. तिने कधी माझी स्तुती केली नव्हती ना.

रणवीर उठला. टेम्पोवाल्याला हाताने परत जा म्हणाला. मग माझ्याजवळ आला, यावेळी हात न लावता उभा राहिला, डोळे मिटून. थोड्या वेळाने बापूंना म्हणाला, "जबान तो जबान है दादा. चाय तो पिलाओगे?" चहा पिताना तो माझ्या फार जवळ बसला होता. त्याच्या कोऱ्या बुटावर मी एक थेंब टाकला. त्याने बघितला, आणि पुसला नाही. त्याच्याविषयीचं माझं मत मी अजून राखून ठेवलं आहे. पण तो थेंब मी नोंदवला आहे.

सगळे गेल्यावर बापूंनी पीयूषला हाक मारली. "इकडे ये," म्हणाले. "तिकडून नाही. डाव्या बाजूने." आणि त्याचा अंगठा धरून खटक्यावर ठेवला. खटक्यावरचं कुंकू अजून पुसलं गेलं नव्हतं. पीयूषने विचारलं, हा सुलटा करून टाकू का, पाच मिनिटांचं काम आहे. बापूंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. पण नीलकंठला फोन लाव. त्यालाही सांगून टाकू."

मला कोणी विचारलं नाही, पण लेख संपवायच्या आधी तुम्हाला एक सांगते. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला काचेत ठेवू नका, तेल काढून तर मुळीच नको. आणि तिची युक्ती एकट्याजवळ ठेवू नका. जी वस्तू एकालाच चालवता येते, ती त्याच्या गुडघ्याइतकीच टिकते. हे मला पंचाहत्तर वर्षांनी कळलं, तेही एका प्लास्टरमुळे. आणि तिची काळजी खरंच कोण घेतंय, हे ओळखायचं असेल तर तिला राणी म्हणणाऱ्यांच्या रांगेत शोधू नका. वस्तूच्या खाली वाकून बघा.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अक्का वाकल्या, माझ्याखालचं फडकं काढलं, दुसरं अंथरलं. या वेळी धारेच्या शालूचा तुकडा होता, माझ्या पहिल्या डागासकट जपून ठेवलेला. मी गहिवरले. दोन थेंब पडले.

"मेली गळकी," अक्का म्हणाल्या.

माझ्याविषयी आजवर जे जे बोललं गेलं, त्यातल्या एवढ्या एका वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.